बिनभोकाची डिस्क

११ नोव्हेंबर, सोमवार

ही वही खरं तर धम्माच्या शब्दांसाठी आणली. माधवी मॅडम म्हणाल्या, दिवसभरात तो काय काय बोलतो ते जसंच्या तसं लिहून ठेवा, तुम्ही कॉलेजात ग्रंथपाल, तुम्हाला नोंदी ठेवायला काय जड. म्हणून डावीकडच्या पानावर त्याचे शब्द लिहिते. उजवं पान कोरंच राहत होतं. आजपासून तिथे माझं लिहीन. कोणाजवळ तरी बोलायला पाहिजे.

धम्मा म्हणजे धम्मदीप, माझा धाकटा भाऊ. एकेचाळीस वर्षांचा. पुण्यात कंपनीत होता. मागच्या वर्षी ऑक्टोबरात स्वतःची गाडी चालवत अमरावतीला येत होता. अकोला सोडल्यावर बोरगाव मंजूजवळ त्याला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. वर्षभरात पाय काठीवर आला. हात आला नाही. बोलणं आलं, पण वाकडं. माधवी मॅडम आठवड्यातून दोनदा त्याला बोलायला शिकवायला येतात. त्या म्हणतात, "त्याला काय म्हणायचंय ते त्याला पक्कं माहीत असतं. शब्द मात्र शेजारच्या घरातून निघतो." चहाला पाणी म्हणतो. उद्याला काल. मला ताई म्हणायला जातो तर आई निघतं, मग मी आणि आई दोघी उठतो.

संध्याकाळी अकोल्याहून नितेशचा फोन. हा धम्माचा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र, अकोल्यात त्याचं गॅरेज आहे. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभी असलेली धम्माची गाडी त्यानंच नेली. तेव्हापासून ती त्याच्या आवारात लिंबाखाली आहे. म्हणाला, "ताई, एक अख्खा पावसाया गेला. इंजिन ठीक हाये, पण ब्रेकच्या डिस्क गेल्या चारी. एकदा धम्म्याले विचारा, काय करायचं."

मी फोन धम्माच्या कानाला लावला. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "डिस्क." एकदम स्वच्छ. तेरा महिन्यांत असा न अडखळता आलेला शब्द मी मोजून दोन-तीनदा ऐकला असेल. डाव्या पानावर लिहिला. आनंद व्हायला हवा होता. मला ती गाडी डोळ्यांसमोर नको असते. निळी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली, दोनच माणसं मावतात. त्यानं घेतली तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर फोनवर डिस्क पाहतो आहे. काही गुळगुळीत, काही भोकं पाडलेल्या, काही चिरा मारलेल्या. आईनं चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "ह्या थाया कायच्या पाहून रायला बाप्पा?" तिला त्या जेवायच्या थाळ्या वाटल्या. तो हसला. मग मला जवळ बोलावलं, गाडीचा फोटो दाखवला आणि खूप जोर लावून म्हणाला, "घ्यायची. गाडी. घ्यायची."

मी म्हटलं, "गाडी त हायेच नं तुयाजवळ. आता काय घेतं?"

त्यानं मान हलवली. पुन्हा तेच. "घ्यायची." चेहरा लाल झाला. मी म्हटलं बरं, घेऊ. शांत करायला असं म्हणावं लागतं. पण तो शांत झाला नाही, फोन उलटा करून ठेवला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस भातकुलीकडे निवडणुकीची ड्युटी. शाळेच्या फरशीवर झोप नाही. आज घरी आले तर मोरीत पाणी सांडलेलं, आई कण्हत बसलेली. धम्मा घसरला होता, तिनं एकटीनं उठवलं. आमच्या चतुराबाई, म्हणजे आई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांची कंबर आणि माझी कंबर आता सारख्याच वयाच्या झाल्या.

तो मात्र पलंगावर बसून नितेशला डिस्कचे फोटो पाठवत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.  वरणाला फोडणी दिली आणि न जेवता झोपले.

२४ नोव्हेंबर, रविवार

शेजाऱ्यांची व्हॅन ठरवून धम्माला अकोल्याला नेलं. दहा दिवस एकच धोशा होता, "गाडी, गाडी." म्हटलं एकदा पाहून येऊ दे, मग उतरेल डोक्यातून.

गाडीवर लिंबाची पानं आणि पक्ष्यांची घाण. नितेशनं एक चाक काढून ठेवलं होतं. डिस्क म्हणजे काय ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. चाकाच्या मागे जेवणाच्या ताटाएवढं जाड लोखंडी चकतं. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड त्याला चिमटीत धरतात. या चकत्यावर गंजाचे खड्डे पडलेले. नितेशनं काठावर कोरलेला आकडा दाखवला. "ह्याच्यापेक्षा पातळ झाली की डिस्क फेकाची. ही आता कशीबशी तितकी हाये. खरादवर, म्हंजे लेथवर घासली त गंज जाईन, पण जाडी बी जाईन. मंग जोरात ब्रेक मारला की तापते, वाकते, कधी तडकते."

धम्मा स्टुलावर बसून डावं बोट त्या काठावरून फिरवत राहिला. डॉक्टर नाडी पाहतात तसं. नितेशनं दिल्लीहून आणलेली एक भोकांची डिस्क समोर धरली, फार चकचकीत. धम्मानं हात झटकला. नको.

"पण पुढं काय करतं लेका गाडीचं?" नितेशनं विचारलं.

"घ्यायची," धम्मा म्हणाला.

नितेशनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणून गेले, "जाऊ दे, त्याले समजत नाई तो काय म्हनते त." धम्मानं ते ऐकलं. बोट काठावरच थांबलं.

परत येताना मूर्तिजापूरला चहालाही थांबलो नाही. मला सारखं वाटतं, हा ती गाडी पुन्हा चालवायची म्हणतो. एका हातानं, एका पायानं. कोणाच्या तरी लेकराला उडवेल, नाहीतर स्वतः मरेल. आणि मग मी काय करू, तेही सुचत नाही. वाईट हे की, पूर्वी असा विचार आला की रडू यायचं. आता नुसती झोप येते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेजातून नितेशला फोन केला. म्हटलं, त्या जुन्याच डिस्क खरादवर घासून दे, रंग मारून बसव आणि धम्माला सांग नव्या आहेत. गाडी इथे फाटकाआत उभी राहील, तो पाहत बसेल. चालवणार कोण आहे?

नितेश म्हणाला, "ताई, ते बरोबर नाई."

"मले बी माईत हाये बरोबर नाई म्हणून."

"उभीच रायणार असन त करतो. पण चालवू देऊ नका कोनाले." मी कबूल केलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आईसोबत विहारात गेले. पांढरी साडी, मेणबत्ती, खूप गर्दी. सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं. दुपारी घरी येऊन धम्माला सांगितलं, "नितेशचा फोन आला होता, नव्या डिस्क बसवल्या, बिनभोकाच्या, तुले पाहिजे होत्या तशाच." त्यानं डाव्या हातानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला हात सोडवून घेऊन भांडी घासायला जावं लागलं.

१५ डिसेंबर, रविवार

नितेश स्वतः हळूहळू चालवत गाडी घेऊन आला. धुतलेली, पुसलेली. गल्लीतले लोक पाहायला उभे. धम्मा काठी टेकत बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली. पुढच्या चाकाजवळ आईला खुर्ची मांडायला लावली, बसला, वाकला, चाकाच्या दांड्यांमधून हात आत घातला. बोट काठावर नेलं, जाडी चाचपली.

नितेश दुसरीकडे पाहायला लागला.

धम्मानं बोट बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "आई," तो म्हणाला, म्हणजे मला. पुढचा शब्द आलाच नाही. उठला, आत गेला, दार लोटून घेतलं.

नितेश चहा न घेता बसनं परत गेला.

१८ डिसेंबर, बुधवार

डावं पान तीन दिवस रिकामं. तो बोलत नाही. चहा मागत नाही, समोर ठेवला तर पितो. काल माधवी मॅडमनी तासभर चित्रं दाखवली. खिडकीकडे पाहत राहिला. त्यांनी मला बाहेर विचारलं, काही झालं का? मी म्हटलं, नाही.

आईला सगळं कळलं आहे. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुया बापानं तीस वर्सं यष्टी चालवली. ब्रेक कच्चा लागला त ते डेपोतून गाडी भाईर काढत नव्हते. सायेबाशी भांडत. आन् तू त्याच्या पोराले खोट्या ब्रेकची गाडी दिली."

"चालवणारच नाई तो माय."

"मंग त्याले तोंडानं सांगाचं होतं तसं. त्याचं बोलणं गेलं, अक्कल नाई गेली."

मी तिला म्हटलं, तू कर मग त्याचं सगळं. म्हटल्याबरोबर लाज वाटली. तीच करते. मी घरी नसताना तीच करते.

२२ डिसेंबर, रविवार

आज जे कळलं ते लिहायला जड जातंय.

सकाळी धम्माचा फोन वाजत होता, तो घेईना. मी घेतला. अकोल्याच्या डॉक्टर प्रणाली, दातांच्या डॉक्टर. म्हणाल्या, "सर आठ दिवसांपासून उत्तर देत नाहीत, तब्येत बरी आहे ना? गाडीच्या डिस्क बसल्या का, तेवढंच विचारायचं होतं. बसल्या असतील तर मी बुधवारी येते, चालवून पाहते आणि घेऊनच टाकते."

मला काही समजेना. त्यांनीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका पेट्रोल पंपावर त्यांनी ही गाडी पाहिली होती. विकायची झाली तर मला सांगा म्हणून धम्माला नंबर दिला होता. या ऑक्टोबरात त्यानंच त्यांना निरोप पाठवला. तेव्हापासून रोज एक-दोन शब्द पाठवतो. फोन ठेवल्यावर मी त्याच्या फोनमधले निरोप पाहिले. पहिल्यांदाच पाहिले. डाव्या अंगठ्यानं लिहिलेले. "गाडी. तुम्ही." मग नोव्हेंबरात, नितेशच्या फोननंतर, "ब्रेक खराब. थांबा." मग, "ब्रेक आधी. मग गाडी." त्यांनी लिहिलं होतं की ब्रेकचं मी पाहून घेईन, तुम्ही त्रास घेऊ नका. त्याचं उत्तर: "नाही. मी."

घ्यायची नाही. विकायची. इतके दिवस तो मला विकायची, विकायची म्हणून सांगत होता आणि तोंडातून शेजारचा शब्द निघत होता. चहाचं पाणी मला कळत होतं, उद्याचा काल कळत होता. एवढाच एक शब्द मी जसाच्या तसा धरला, कारण मला आधीच तसं वाटत होतं.

पण मूळ लाजेची गोष्ट पुढेच आहे. डॉक्टरबाईंनी विचारलं, डिस्क बसल्या का? तेव्हा मला हे काहीच उलगडलेलं नव्हतं, समोरून सरळ प्रश्न आला आणि मी म्हटलं, "हो, बसल्या."

नितेशला फोन केला. तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "ताई, उभ्या गाडीसाठी म्या हो म्हटलं होतं. तिले बसू देऊ नका. नव्या डिस्क बुधवारपर्यंत कुठून आणू म्या?"

प्रणालीबाईंना फोन करायला हवा. उद्या करीन.

२४ डिसेंबर, मंगळवार

नाही केला. काय सांगू, की माझ्या भावाला फसवायला मी जुन्या डिस्क रंगवून घेतल्या? मनात असंही येतं की त्या राहाटगावच्या चौकापर्यंत जाऊन परत येतील, एवढ्यानं काय होतं. नितेश अकोल्याहून तेवढी चालवत आला ना. मग त्याचं बोलणं आठवतं, तडकते म्हणून.

धम्माला सांगायला त्याच्या खोलीत गेले होते. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता. मी चादर नीट केली आणि परत आले.

२५ डिसेंबर, बुधवार

त्या दहा वाजताच आल्या. तिशीची बाई, साधी, बोलकी. सोबत खव्याच्या पेढ्यांचा डबा. आईच्या पाया पडल्या. मी चहा ठेवला. ठरवलं होतं, चहा झाला की सांगायचं. चहा झाला. आईनं त्यांना दाढ दाखवली. त्यात अर्धा तास गेला. मग त्या म्हणाल्या, "चला, एक चक्कर मारून येते," आणि किल्ली त्यांच्या हातात होती. मीच दिली होती.

गाडी सुरू झाली. धम्मा आतून आला. पायात चप्पल नाही. काठी टेकत सरळ गाडीपुढे गेला आणि बॉनेटवर डावा हात ठेवून उभा राहिला.

"चांगली," तो म्हणाला. "चांगली. ब्रेक चांगली."

प्रणालीबाईंनी काच खाली केली आणि हसल्या. "हो सर, दिसतंच आहे. फार जपून ठेवली तुम्ही."

त्यानं जोरात मान हलवली. "चांगली, चांगली." कपाळावर घाम. त्यालाही कळत होतं की बाहेर पडतो आहे तो शब्द तो नाही. तोंड मिटायचा, दम घ्यायचा, पुन्हा तोच निघायचा. प्रणालीबाई हसतच होत्या. आई दारात उभी. धम्मानं माझ्याकडे पाहिलं. त्या फाटकात त्याचं बोलणं समजणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "त्याला चांगली नाही म्हणायचं. खराब म्हणायचं आहे. गाडी बंद करा."

त्यांना समजेना. मी सगळं सांगितलं. डिस्क जुन्याच आहेत, घासून पातळ केलेल्या. त्याला नव्याच हव्या होत्या. मी परस्पर सांगितलं तसं करायला, आणि त्याला खोटं बोलले, आणि तुम्हालाही. बोलताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हते, बॉनेटवरच्या त्याच्या हाताकडे पाहत होते.

त्यांनी गाडी बंद केली. उतरल्या. वाकून चाकाच्या आत पाहिलं. "मी आज इथून परस्पर चिखलदऱ्याला जाणार होते," त्या म्हणाल्या. "मैत्रीण परतवाड्याला थांबली आहे. मी चक्कर म्हटलं, पण गाडी आवडली असती तर पुढेच गेले असते घाटात."

मी धम्माच्या पायाशी चपला आणून ठेवल्या.

"ताई, फोनवर तुम्ही हो म्हणाला होतात."

"हो. म्हणाले होते."

त्यांनी किल्ली धम्माच्या हातात दिली, माझ्या नाही. पुन्हा येईन असं काही म्हणाल्या नाहीत. पेढ्यांचा डबा तसाच ओट्यावर राहिला.

२९ डिसेंबर, रविवार

काल धम्मानं स्वतःहून पाणी मागितलं. मी चहा केला.

आज दुपारी आई झोपली होती. त्यानं मला खुणेनं समोर बसवलं. खुर्चीपुढे दोन चपला मांडल्या, एक उजवीकडे, एक जरा डावीकडे. उजवा पाय पहिल्या चपलेवर ठेवला. दाबून दाखवला, मग डाव्या हातानं ती मांडी उचलायचा प्रयत्न केला, पाय उठत नाही असं. मग डावा पाय उचलून, त्या मेलेल्या पायाला खेटून, दुसऱ्या चपलेवर पूर्ण जोरानं दाबला. तसाच धरून ठेवला. पाय थरथरायला लागला तरी सोडेना.

मला वेळ लागला. मग कळलं. बोरगाव मंजूची गोष्ट. उजवा पाय अॅक्सिलरेटरवरच राहिला होता, उठत नव्हता. त्यानं डाव्या पायानं ब्रेक दाबला. आम्ही वर्षभर लोकांना सांगत आलो की नशीब, गाडी आपोआप कडेला थांबली.

"समोर कोनी होतं काय?" मी विचारलं.

"सायकल," तो म्हणाला.

सायकल म्हणजे सायकलच, की शेजारचा शब्द, ते मी विचारलं नाही. समोर कोणीतरी होतं. ते वाचलं.

मी त्याची माफी मागितली. त्यानं दोन्ही चपला काठीनं माझ्याकडे सरकवल्या, जागेवर ठेव म्हणून.

५ जानेवारी, रविवार

आता आम्ही दोघं मिळून डिस्क निवडतो आहोत. मी कॉलेजातून फोटो छापून आणले आणि टेबलावर मांडले. मी एकेकीचं वाचून दाखवते, तो नको असलेला फोटो बाजूला सारतो. चिरा मारलेल्या पहिल्या झटक्यात गेल्या. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अस्सल डिस्क बाहेर देशातून येणार, पाच महिने लागतील. तो फोटो त्यानं बराच वेळ हाताखाली ठेवला. मग तोही सारला.

राहिल्या पुण्याच्या एका कारखान्याच्या, साध्या, आतून हवा खेळेल अशा. नितेश म्हणाला, एक नमुना मागवतो. म्हटलं, मागव, आणि धम्माला मोजमाप दाखवल्याशिवाय पुढचं काही करू नको. "हाव ताई," म्हणाला. आवाज बरा होता.

१२ जानेवारी, रविवार

प्रणालीबाईंचा फोन आला. मला नाही, धम्माला. त्यानं स्पीकर लावून फोन माझ्यापुढे धरला. त्या म्हणाल्या, "सर, गाडी मला अजूनही हवी आहे. तुम्ही गाडीपुढे उभे राहिलात ते डोक्यातून जात नाही. पण एक विनंती आहे, डिस्क भोकांच्या घ्या ना. चाकातून काय सुंदर दिसतात."

धम्मानं डोळे मिटले. "भोक," तो म्हणाला. थांबला. "भेग."

मला वाटलं शब्द घसरला. मी दुरुस्त करायला तोंड उघडणार तोच त्यानं हात वर केला आणि फोनमधला एक फोटो उघडून दाखवला. भोकांची जुनी डिस्क, एका भोकातून दुसऱ्या भोकात केसासारख्या तडा गेलेल्या. भोक. भेग. दोन्ही शब्द बरोबर होते. बरं झालं मी बोलले नाही.

फोटो प्रणालीबाईंना पाठवला. उत्तर आलं: "साध्या चालतील."

२३ जानेवारी, गुरुवार

नमुना आला. नितेशनं मोजमापांचे आठ फोटो पाठवले. जाडी, व्यास, मधल्या भोकाचं माप. धम्मानं नववा मागितला, वजनकाट्यावरचा. नितेश फोनवर मला म्हणाला, "लकवा मारला म्हणून सोडतो याले, नाईतर मारला असता." धम्मा ऐकून हसला. मग अंगठा वर केला. चार डिस्क, नवे पॅड. गाडी काल ट्रकवर चढवून अकोल्याला नेली, चाकं जमिनीला न लावता.

मला सर्दी. आईचे गुडघे. आज एवढंच.

२ फेब्रुवारी, रविवार

काल शेजाऱ्यांच्या व्हॅननं अकोल्याला येऊन नितेशकडे मुक्काम. आज सकाळी सातला शहराबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. नव्या डिस्क आणि नवे पॅड एकमेकांना बसावे लागतात म्हणे. साठच्या वेगानं जायचं, ब्रेक दाबून वीसपर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, लगेच पुन्हा साठ. असं दहा वेळा. घाई केली तर डिस्क जन्मभर थरथरते.

गाडीत दोनच जागा. चालवायला प्रणालीबाई, शेजारी धम्मा. त्यानं पट्टा डाव्या हातानं लावायला बराच वेळ घेतला, कोणी मदत केली नाही. मी आणि नितेश कडेला उभे. गाडी लांब जायची, लहान व्हायची, मागचे लाल दिवे लागायचे, विझायचे. पुन्हा लागायचे. थंडी होती. नितेशनं थर्मासमधला चहा दिला. मला सारखं वाटत होतं की काहीतरी बिघडणार. काही बिघडलं नाही. वीस मिनिटांत ते परत आले. तापलेल्या लोखंडाचा वास येत होता. धम्मानं डोकं मागे टेकवलं होतं.

प्रणालीबाई उतरून माझ्याजवळ आल्या. "ताई, सर मोजत होते. प्रत्येक ब्रेकला. एकपासून दहापर्यंत, मोठ्यानं. एकही चुकला नाही. सातव्याला मी जास्त दाबला तर तो धरलाच नाही त्यांनी, पुन्हा सात म्हणाले."

सुरुवातीच्या महिन्यांत माधवी मॅडम त्याला मोजायला लावायच्या. आकडे, वार, महिने. म्हणायच्या, हे पाठ असलेलं बहुतेकांचं शाबूत राहतं. तो तोंड फिरवायचा. शेवटी त्यांनी नाद सोडला. आज मोजायला काहीतरी होतं.

कागदांवर सह्या झाल्या. धम्मानं डाव्या हातानं केली, शाळेतल्या अक्षरात. किल्ली त्यानं प्रणालीबाईंच्या हातावर ठेवली आणि लगेच व्हॅनकडे वळला. त्या निघाल्या तेव्हा त्यानं पाहिलं नाही. मी पाहिलं. वळणावर लाल दिवे लागले, गाडी हळू झाली, गेली.

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. तो व्हॅनमध्येच बसून राहिला. मी दोन कप घेऊन त्याच्याशेजारी बसले. म्हटलं, "मले बी दाखव नं मोजून. एक ते दहा."

त्यानं कप डाव्या हातात घेतला. माझ्याकडे पाहिलं.

"थकलो," तो म्हणाला.

मी सवयीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, म्हणायचं काय आहे ते शोधायला. वेगळं काही नव्हतं.

"मी बी," मी म्हटलं.

ड्रायव्हरला सांगितलं, घाई नाही, तुझं होऊ दे. आम्ही तिथेच बसून राहिलो, चहा संपला तरी.